जावयानं खोदलेला खड्डा

रविवार, १२ फेब्रुवारी १९७८
प्रताप नगर

उद्या सुधाचं डोहाळजेवण. जावईबापू तिला नव्या फियाटमधून घेऊन आले आणि आल्या आल्या डिकी उघडून दाखवली. आत चितळाची मादी. पेंचच्या राखीव जंगलात गाडीखाली आली म्हणे. "मामी, सावजी मसाल्यात करा," म्हणाले, हसत. सुधा माझ्या कानाशी पुटपुटली, "यायनं ब्रेक नाही मारला वं आई. उलट गाडी दामटली."

जावयाचा शब्द मोडवत नाही म्हणून चिरायला बसले, तर पोटात पिल्लू. पूर्ण वाढलेलं. सुधानं ते पाहिलं आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

ब्रेकसुद्धा मारला नाही?

जावयाच्या हातून काम करून घेत नाहीत आमच्यात. मी घेतलं. उद्यासाठी आजच जमलेल्या पाहुण्यांसमोर कुदळ हातात दिली. म्हटलं, "मायलेकरू एकाच खड्ड्यात जातील. मागच्या अंगणात खोदा."

त्यांचा पांढरा सफारी सूट मातीनं माखला, तळहाताला फोड आले. मी खुर्ची टाकून बघत बसले. वाईट वाटायला हवं होतं का? नाही वाटलं.

सुधा जवळ आली. "आई, यायले पानी देऊ काय?"

"थांब वं. आधी खोल होऊ दे."