आक्काचे डोळे

१२ फेब्रु. ८७
उद्याच्या सभेची सुरुवात: "कोळवणच्या मायबापहो, आपलं माणूस कशानं मेलं, हे आपल्याला कधीच कुणी धड सांगत नाही..." पुढे सुचेना. शेजारच्या खोलीत आक्का. दिवाळीत भात कापत होती. आता मला, सख्ख्या भावाला, ओळखत नाही, सारखी दचकते, अंग झटके देतं. चुलती म्हणाली, "भाशनं पुरं कर, भगताला आन." नाही आणणार. डॉ. मधू शाळेपासूनचा मित्र, व्यासपीठावर कायम माझ्या शेजारी. तो म्हणतो, मेंदू झिजलाय, इलाज नाही. पटलं.

१६ फेब्रु.
आक्का गेली. आमच्या नेत्रदानाच्या सभेत संमतीच्या कागदावर पहिला अंगठा तिचाच होता, आजाराच्या आधी. पुण्याच्या नेत्रपेढीची जीप आली. डोळे काढणाऱ्यांनी विचारलं, कशाने गेल्या? मधू म्हणाला, "न्यूमोनिया." दाजी रडता रडता, "माजं त्वांड बघून कटाळली व्हती. बघू दे आता दुसऱ्याचं."

१७, सकाळ
मधू भेटायला आला. चहा तसाच. मग खरं ते बोलला. मेंदूच्या आलेखावरूनच त्याला संशय होता. जंतू नव्हे, एक प्रथिन वाकडं होतं, शेजारच्या चांगल्याला वाकडं करतं, मेंदूची चाळण होते. नवं मत आहे म्हणे. उकळूनही जात नाही. शिवल्याने, ताटात जेवल्याने लागत नाही. पण रोग्याच्या मेंदूचा, डोळ्याचा तुकडा दुसऱ्याला बसवला तर लागू शकतो, वर्षांनी वर येतो.
"आणि डोळे?"
"खात्री नव्हती रे. तालुक्यातलं पहिलं नेत्रदान. मोडवेना."
भगत परवडला. तो माझ्या शेजारी बसून टाळ्या तरी घेत नाही.

१७, संध्याकाळ
पुण्याहून परत. एक डोळा सकाळीच एकाला बसवला. दुसरा उद्या नऊला. तिथल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, "इलाज करणारे डॉक्टर न्यूमोनिया सांगतात. गावात अशा अफवा उठतातच." हे मला, गावोगाव अफवा खोडत फिरणाऱ्याला! बाकावर, उद्या जिला दुसरा डोळा बसवायचा ती बाई बसलेली. "दादा, तुमी त्यांच्या घरचं का वो? लई उपकार झालं." जन्मभर भाषणं केली, तिला नुसते हात जोडून निघालो.
मधूच्या दारात गेलो. वहिनी म्हणाल्या, घरात नाहीत. स्कूटर अंगणात. तिथूनच ओरडलो:
मधू, बाहेर ये. उद्या नऊच्या आत माझ्याबरोबर पुण्याला चल आणि त्या डॉक्टरांना तुझ्या तोंडाने सांग, हा डोळा लावू नका.