मागे राहिलेल्या जावेची अंजिराची रोपं

प्रिय अक्का,

तुमची लेक स्वाती आज अंजिराची दोन रोपं घेऊन टेंभुर्णीला सासरी गेली. निघताना म्हणाली, "काकू, तुमचा हात बराबर माझ्या आईसारखा हाय." तेव्हापासून जिवाला चैन न्हाई, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. तरी माझी रोपं तुमच्याच नावावर का लागावीत?

धाकटी जाऊ होऊन बदनापूरला या घरात आले तेव्हापासून हेच ऐकतेय. "थोरलीनं काठी रोवली तरी पालवी फुटती," सासूबाई आल्या-गेल्याला सांगायच्या. पाहुणे खायचे माझे धपाटे अन् बघायला जायचे तुमचं अंजीर.

एकदा मी विचारलंच, "अक्का, तुम्ही करता तरी काय?"

"काही न्हाई गं. काडी लावायची अन् विसरायची."

मला वाटलं, मुद्दाम लपवून राह्यल्या.

म्हणून तुम्ही माहेरी गेल्यावर मी तुमच्या पिशव्यांतल्या पाचही काड्या उपटून पाहिल्या. पानं होती, मूळ एकीलाही नव्हतं. तशाच परत खोचल्या. आठ दिवसांत वाळल्या. तुम्ही येऊन म्हणालात, "माझंच पाणी जास्त झालं असंल." अक्का, तुम्हाला कळलं होतं का?

तुमच्या मागे स्वातीनं रोपं मागितली. मी पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या कापल्या, चीक वाळू दिला, कोंबाचे दोन डोळे मातीत, दोन वर ठेवले. रोज पाणी घातलं, सगळ्या कुजल्या. दुसऱ्या खेपेला मातीत वाळू मिसळली, पिशव्या सावलीत ठेवल्या, वरची माती सुकल्यावरच पाणी दिलं. पंधरा दिवसांत पानं आली. उपटून बघायला हात शिवशिवत होते. पण काडी आपल्या जोरावर आधी पानं काढते, मुळं मागून येतात, हे एव्हाना कळलं होतं. दीड महिना हात लावला न्हाई. मंग एक दिवस पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं.

मी एकटीच रडले. दाखवणार कुणाला? जिला दाखवून जळवायचं, ती तुम्हीच आता नव्हता.

मत्सर अजून गेलेला न्हाई, खोटं कशाला बोलू? पण पुढच्या माघात, काड्या लावायच्या वेळी, स्वातीला शेजारी बसवून सगळं शिकवीन, काही लपवणार न्हाई. तुमचं नाव घेईन. अन् माझंही घ्यायला लावीन.

तुमची धाकटी जाऊ,
शोभा