बाण वर दाखवतो

वरचा तळ, १६ सप्टेंबर १९५८

ती. ग्राशीताईस बेन्यातचा सा. न. वि. वि.

पोचलो. वाटेत गाढवीनं दोनदा बसकण मारली, एकदा मी. मेंढ्या केव्हाच खाली गेल्या, इथे मी आणि वारा. खालची अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी होऊन निम्मी झडलीसुद्धा. बाबा सांगायचे ती सगळ्यात वरची राई मात्र अजून दिसली नाही. दोन वर्षांमागे ‘वरचं पिवळं बघून येतो’ म्हणून गेले ते गेलेच. सापडले तर तिथेच सापडतील.

काल एका सशामागे भलतीकडे गेलो, तर एका अ‍ॅस्पेनच्या खोडावर बाबांनी कोरलेलं त्यांचं नाव! बोटाएवढं जाड, कोळशासारखं काळं. खाली बाण, थेट खिंडीकडे. येत्या नाही, पुढच्या रविवारी निघतो. आपल्या म्हाताऱ्या धनगर पेल्लोकाकांना सांग, मेंढ्या नसतील राखल्या, पण वाचता येतं मला.

लोभ आहे तेवढा पुरे, चीज मात्र जास्त पाठव.

तुझा बेन्यात

एल्को, २४ सप्टेंबर

चि. बेन्यातला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवलं, तसा पेल्लोकाकांनी हातातला पेला खाली ठेवला. म्हणाले, ह्या टोणग्याला एवढंही ठाऊक नाही? धनगराचा चाकू सालीवर केसाएवढीच रेघ ओढतो. ती फुगवतं, काळी करतं ते झाड, वर्षानुवर्षं. बोटाएवढा बाण म्हणजे बाबांच्या तरुणपणचा. ती वाट मागेच दरडीनं नेली. वर नुसता सुटा दगड लोंबतोय. शेवटच्या खेपेला बाबांनी काही कोरलं असेल, तर ते अगदी बारीक असणार. ते शोध. खिंडीकडे पाऊल टाकू नकोस.

आई अजून बाबांचं ताट मांडते. मला दोन रिकामी ताटं बघवणार नाहीत.

मिकेल शिधा घेऊन वर येतोय, त्याच्याजवळ हे देते. मिळताच उतर. माया आहे म्हणून रागावते.

ग्राशी

वरचा तळ, २७ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

मिकेलचा पत्ता नाही, खाली धुक्यात अडकला असेल. इथे आज आभाळ उघडलं आणि राई दिसली! खिंडीच्या वर, बाणाच्या अगदी रोखात, सगळी एकदम पिवळी. ही झाडं कधी गप्प बसत नाहीत, पण आज पान हलत नव्हतं. गाढवी पुढे यायलाच तयार नाही. बांधून जातो.

बाबांच्या झाडाला हात लावून आलो. जवळून पाहिलं तर बाणावर दोन रेघा, आडव्यातिडव्या, फुलीसारख्या. केसाएवढ्या बारीक. अस्वलाची नखं असणार. बाण स्वच्छ दिसतो, काळजी नको.

पत्र तंबूत ठेवतो, मिकेल नेईल. उजाडलं की निघालो. आईला सांग, यंदा बाबांचं ताट रिकामं राहणार नाही.

आहे तसाच लोभ ठेव.

बेन्यात