विझलेला दिवा बदलू नका

बाबा,

साइटवर लवकर बोलावलंय, म्हणून तुम्हाला उठवलं नाही. चहा थर्मासमध्ये आहे.

घरच्या सोलर बॅटरीच्या पेटीवरच्या दोन दिव्यांपैकी एक विझला, म्हणून काल तुम्ही नवा बसवलात. तोही लागेना, तेव्हा दुकानदाराच्या नावाने खडे फोडलेत. त्या बिचाऱ्याचा दोष नाही; ते दोन दिवे उजेडासाठी नाहीत, वायरींमधला बिघाड दाखवायला आहेत. एक दिवा विझून दुसरा जास्त उजळला, म्हणजे बॅटरीची एक वायर कुठेतरी जमिनीला टेकलीये. आपली बॅटरी अर्थिंगला जोडलेली नाही. जोडलेली असती तर तिथल्या तिथे फ्यूज उडाला असता. आपल्याकडे एक वायर टेकली तरी काही बंद पडत नाही, तुमचं शिलाई मशीनसुद्धा. पण उद्या दुसरीही टेकली, तर मोठा शॉर्ट होईल. म्हणून मेन स्विच बंद केलाय. आज मशीनला सुट्टी, आणि तुम्हालाही.

तुमच्या निळ्या शर्टाच्या कोपरावर नवं ठिगळ दिसलं. इतकं सुबक, की तुमच्या मुलाच्या लक्षातही आलं नाही. पण धुवायला घेताना मला त्याखाली वाळलेलं रक्त दिसलं. कुठे पडलात, आणि चक्कर आली होती का, एवढं मला खरं सांगा. त्याला मी अजून काही बोललेले नाही.

संध्याकाळी आधी डॉक्टरकडे जाऊ, वायर मग शोधते. आणि "मी चालतोय ना धडधाकट," असं म्हणू नका. मशीनही चालतच होतं.

तुमची सूनबाई