नानांचं जेवण

धुळे, ९ जानेवारी १९७४

तीर्थरूप आबांना प्रमिलेचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. दवाखान्यात आम्हा नर्सना दुपारचं जेवण मिळतं, तेव्हा माझी काळजी करू नका. आईचे गुडघे थंडीत फार दुखतात का?

शेजारचे धनसिंग नाना सोमवारी गेले. ते आणि त्यांच्या पत्नी भागाबाई दोघंच राहत. ज्वारी महागली, रॉकेल मिळेना, लाकूडही परवडेना, आणि नानांचं पेन्शन मात्र होतं तेवढंच राहिलं. मी रोज विचारायची, "जेवलात का नाना?" ते म्हणायचे, "व्हई गयं माय, बठ्ठं व्हई गयं." सगळं झालं म्हणतात, ते मला खरं वाटायचं.

रविवारी त्यांना उठवेना, तेव्हा भागाबाईंनी मला हाक मारली. स्टोव्ह कोरडा होता. ताटलीत पाण्यात कालवलेलं कच्चं पीठ होतं. आठ दिवस दोघं तेच खात होते, आणि नाना त्यातलंही निम्मं भागाबाईंकडे सरकवत. भिंतीच्या अलीकडे मी गरम जेवत होते, आबा. नर्स असून मला दिसलं नाही.

भागाबाई आता माझ्याकडे आहेत. पुढे भाकरी ठेवली की तिच्यावर हात ठेवून नुसत्या बसून राहतात.

तुमच्या प्रत्येक कार्डात 'सर्व ठीक' असतं. आता तसं लिहू नका. शनिवारच्या एस.टी.नं मी एरंडोलला येते. आल्यावर आधी घरातले डबे उघडून पाहीन, मग तुमच्या पाया पडेन. रागावू नका.

तुमची लेक,
प्रमिला