पहिल्या लॉरीचा पुरावा

वाशीम, ३ नोव्हेंबर १९४६, रविवार

आजपासून रोजनिशी. रोज दोन पाने, काय वाटेल ते होवो.

कारण मोठे आहे. मोटार मालक मंडळ नव्या अड्ड्यावर दगड बसवणार. त्यावर वाशिमात पहिली लॉरी आणणाऱ्याचे नाव. सेक्रेटरी उकंडराव यांनी जाहीर केले की फोटोचा पुरावा ज्याचा, नाव त्याचे. मुदत डिसेंबरअखेर.

पुरावा माझ्या भिंतीवर लटकला आहे. माझे वडील कै. पुंजाजी, लॉरीत बसलेले, हात स्टिअरिंगवर, चेहरा एकदम करारी. मी लहान असतानाच बाबा पटकीने गेले. मी केनवडला मामाकडे वाढलो, पण फोटो सोबत वाढला. गाव मात्र हसते. तहसिलीपुढे चटई टाकून लोकांचे अर्ज खरडणाऱ्याचा बाप लॉरीवाला कसा, म्हणे. आता दगडावर वाचा म्हणावे.

सैफुद्दीन टायरवालाही त्याच्या बापाचे, इब्राहीमचे, नाव पुढे करतो आहे. त्याच्याकडे फोटो नाही असे कळते. बिचारा.

५ नोव्हेंबर

नुसता एक फोटो नेऊन दाखवणे हलकेपणाचे. पूर्ण रिसर्च करणार. ग्रंथाचे नाव ठरले: ‘वाशिमातील यंत्रयुग (सचित्र)’. सरकी काढायचे जिन, गाठी बांधायची प्रेस, तेलाची गिरणी, लॉऱ्या, सगळे जुन्या फोटोंवरून क्रमवार. दगडाबरोबर ग्रंथही बाहेर पडेल. चहा आजपासून बंद.

सोजरबाईला, म्हणजे घरच्यांना, हे सांगितले. म्हणाली, अवो, यंत्रयुगाचं मंग पाहा, आंधी गिरनीतून दयन आना.

९ नोव्हेंबर

जिनचे नऊ फोटो मिळाले. एकातही जिन नाही. शेठजी आहेत, शेठजींचे जावई आहेत, खुर्चीवर पाय लोंबकळणारी पोरे आहेत. शेठजींच्या फेट्यामागे चिमणीचे टोक दिसते, ते फेट्याचा तुरा आहे की चिमणी हे भिंग लावून ठरवावे लागले. प्रेसच्या इमारतीपुढे तर अख्खी वरात बसवली आहे. इमारत म्हणून दोन खिडक्या. या गावाला इतिहासाची चाडच नाही.

चहा घेतला. रिसर्चला लागतोच.

१४ नोव्हेंबर

मेडशीला गेलो. फार मोठा शोध!

जगदेव पाटलांच्या घरी त्यांच्या वडिलांचा लॉरीतला फोटो. लॉरी आमचीच! तेच गोल दिवे, दारावर तोच मोर. म्हणजे बाबा मेडशीपर्यंत लॉरी भाड्याने देत. पाटील म्हणाले, माह्या बापानं जल्मात लॉरी पाह्यली नाई, बैलगाडीतबी त्याले मळमळे. मी लक्ष दिले नाही. लोकांना स्वतःच्या घरचा इतिहास माहीत नसतो. म्हणून तर आमच्यासारखे लागतात.

२२ नोव्हेंबर

रिसोड, केनवड, मालेगाव. आमच्या लॉरीचे आणखी चार फोटो. एकात नवरा-नवरी, एकात पहिलवान, एकात आठ माणसे आणि एक तबला. काय धंदा असेल बाबांचा! नकाशा काढला, लाल शाईने मार्ग आखले. ‘पुंजाजी मोटार सर्व्हिस’ असे प्रकरणाला नाव दिले. लॉरी प्रत्येक वेळी डाव्या बाजूनेच दिसते. बाबांची शिस्त.

मालेगावच्या फोटोत लॉरीत एक बाई आहे आणि पुढच्या चाकातून बकरीचे तोंड बाहेर आले आहे. अपघात असावा. बाबांनी भरपाई दिली असणार.

बाजारात सैफुद्दीन भेटला. त्याला नकाशा दाखवला. बराच वेळ पाहत राहिला. हबकला असावा.

१ डिसेंबर, रविवार

पोहरादेवीच्या बाजूला सेवालाल नावाच्या एका बंजाऱ्याच्या तांड्यावर गेलो. मालेगावच्या फोटोतली बाई ही त्याची आई कमलीबाई, असे कळले होते. अपघाताची हकीकत विचारायची होती.

म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, मोटार कायची रे बापू, पडदा व्हता तो! जत्रेत फोटोवाला लावे. लाकडाचं चाक हाती दे, म्हने धर अन् हालू नको. बकरी माहीच व्हती, पडदा फाडून घुसली. मग तिने विचारले, तुह्या घरच्या फोटोत मोर हाये का?

आठवत नाही, असे सांगितले.

२ डिसेंबर

कमलीबाई अडाणी आहे. शिवाय म्हातारी. तिच्या तोंडी पुराव्याला कोर्टात कोणी विचारणार नाही.

सकाळी फोटो खाली काढून भिंगातून पाहिला. मोराच्या मानेवरून एक रेघ सरळ वर जाते, दिव्यातून, बाबांच्या डोक्यामागून. शिवण आहे. कापडाचे दोन पन्हे जोडलेले.

सोजरला विचारले. म्हणाली, मले त लगनाच्या दिशीच दिसलं व्हतं. मग काहून सांगितले नाही? तर म्हणे, तुमी कवा इचारलं?

जेवलो नाही. नकाशाही फाडला नाही. शाई चांगली लागली आहे त्याला.

१२ डिसेंबर

सैफुद्दीन स्वतः घरी आला. वाटले, जिरवायला आला. त्याने रुमालातून एक फोटो काढून पुढे ठेवला. अम्मीनं पेटीत कपड्याखाली ठेवला व्हता, आज गवसला, म्हणाला.

खरी लॉरी. मागे जिन, छपरासकट, चिमणीसकट, एकदाचे! लॉरीवर रुईच्या गाठी. स्टिअरिंगवर इब्राहीम. आणि गाठींच्या वर, गाठ ओढायचा लोखंडी आकडा खांद्यावर टाकून बसलेला एक हमाल, उघडाबंब, तोंडभर हसणारा.

सैफुद्दीनने त्याच्यावर बोट ठेवले. म्हणाला, मारोतरावभाऊ, हे तुमचे वालिद. अम्मी सांगते, पह्यली गाठ पुंजाजीनंच चढवली. एकच कापी हाये. तुमचं अक्षर चांगलं, तुमीच अर्ज लिहा अन् मंडळात देऊन टाका. दगडावर दोघायचं बी नाव येऊ द्या.

त्याला पाणीसुद्धा विचारायचे राहिले.

१३ डिसेंबर

दिवसभर तो फोटो पाहिला. माझेच कान. माझाच पुढे आलेला दात. बाबांना असे हसताना मी कधी पाहिलेच नव्हते. भिंतीवरचे बाबा लाकडाचे चाक धरून श्वास कोंडून बसले आहेत. पडद्याच्या मालकाने सांगितले असणार, हालू नको.

अर्ज लिहायला बसलो. ‘कै. इब्राहीम, लॉरीमालक. कै. पुंजाजी, हमाल.’ लिहिले आणि वाचले. हे दगडात कोरणार. तहसिलीसमोर रोज ज्यांची तोंडे पाहायची, ते सगळे हे वाचणार. सव्वीस वर्षे मी ज्यांना लॉरी सांगितली, ते.

संध्याकाळी सैफुद्दीनचा फोटो चुलीत घातला. सोजर पाण्याला गेली होती.

तसा तोही पडदाच असू शकतो. आजकाल कशाचा भरवसा नाही.

३० डिसेंबर

सैफुद्दीनने विचारले. अर्जासकट मंडळात जमा केला, असे सांगितले. घेतला कोणी? चपराशी रामसिंगाने, असे तोंडातून गेले. जवळचे नाव तेच होते.

उकंडराव म्हणतात, आमच्याकडे काही आले नाही. आले नाही तर नाही. ऑफिसात असा गोंधळ चालायचाच.

नव्या वर्षापासून रोज पहाटे उठणार. ग्रंथ नव्याने, फक्त इमारतींवर.

५ जानेवारी १९४७

मंडळाने रामसिंगाला कामावरून काढले. त्याने फोटो हरवला, असा बोभाटा. तो गंगामाईची शपथ घेऊन रडतो आहे म्हणे. मग अर्ज लिहून घ्यायला माझ्याच चटईवर आला. ‘सदर फोटो मजकडे कधीही देण्यात आला नाही,’ हे वाक्य मी फार ठसठशीत लिहिले. एकही पैसा घेतला नाही. माझा स्वभावच तसा. त्याने पायांना हात लावला.

अड्ड्यावरचा दगड कोराच बसवला. पुरावा नाही, तर नाव नाही, असे उकंडराव म्हणाले. हे मात्र न्यायाला धरून झाले.

९ जानेवारी

मंडळाची कपाटे आज सैफुद्दीनबरोबर मीही शोधली. त्याला कागद वाचता येत नाहीत. तिन्ही कपाटे झाली. धुळीने शिंका. तो म्हणाला, सारा गाव चूप बसला भाऊ, तुमीच एक धावून आले.

पहाटे उठणे जमले नाही. थंडी.

१२ जानेवारी, रविवार

सैफुद्दीन आज घरी घेऊन गेला. जैतुनबीने, त्याच्या आईने, बोलावले होते. फार थकली आहे. दाराआडून नाही, समोरच बाजेवर बसली.

म्हणाली, आता फोटो त मिळत नाई बेटा. तू शेवटी पाह्यला. माह्यावाले त्याच्यात कसे दिसत होते, तेवढं सांग. मले चेहरा इसरू येऊन राह्यला.

आठवायला गेलो तर स्टिअरिंगवर नुसता सदरा दिसतो, वर काहीच नाही. दिवसभर फोटो हातात होता आणि मी फक्त बाबांकडे पाहिले होते.

काहीतरी बोलायचे म्हणून सांगितले, छान हसत होते.

म्हातारीने मान हलवली. मग म्हणाली, नाई रे. ते कायले हसतात, लई धाकात होते मशिनीच्या. हसत होता तो वरतचा पुंजाजी. मोठा दिलदार मानूस. तू त्याले पाह्यलं का?

नाही, म्हणालो. चहा आला होता, तो न घेताच उठलो.