तेवीस रकाने आणि वाळ्याची जुडी

३ मार्च, सोमवार
आमच्या निधीचं पोट पुन्हा बिघडलं. महिन्यात दुसऱ्यांदा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी कुठलं पाणी पिता? शलाकाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. पुण्याहून बेंगळुरूच्या व्हाइटफील्डला येऊन आठ महिने झाले. फिल्टर मी निवडणार, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. निवडतोच आहे.
संकल्प: रविवारपर्यंत फिल्टर. अख्ख्या कंपनीची सॉफ्टवेअर मी निवडतो, हा तर किचनमधला डबा. तोवर पाणी उकळून. उकळायची जबाबदारी मी स्वतःहून घेतली.

४ मार्च
सकाळी कॉल होता. पाणी कामाला येणाऱ्या श्यामला अक्कांनी उकळलं. उद्यापासून मी.

६ मार्च
तक्ता तयार. एकवीस मॉडेल्स, तेवीस रकाने, प्रत्येक रकान्याला वेटेज.
शलाकाच्या बाबांचा राजाजीनगरहून फोन. सूर्यकांतराव म्हणजे चाळीस वर्षं सरकारी कारखान्यात इंजिनिअर, जन्म इथलाच, मराठीत निम्मं कन्नड. म्हणाले, जावईबापू, स्वल्प कुणाला तरी विचारा आणि घेऊन टाका एक. या वृत्तीनेच सरकारी कारखाने मागे पडले. डेटा म्हणजे काय ते त्यांना पंचेचाळीस मिनिटं समजावलं. शेवटी सरी, सरी म्हणाले. पटलं असावं.

८ मार्च
टीडीएस मीटर आलं! पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं. पेनाएवढं, पण काय वस्तू आहे! आपला नळ: ९४०. सोसायटीत टँकरचं पाणी, दुसरं काय होणार. म्हणजे आरओच. निर्णय झाला.

९ मार्च, रविवार
निर्णय तूर्त स्थगित. एक बादली शुद्ध करायला आरओ दोन-तीन बादल्या वाया घालवतो. मार्चमधल्या बेंगळुरूत! मला विवेक आहे. शलाका म्हणाली, ते पाणी फरशी पुसायला वापरू. हे उत्तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

१२ मार्च
मीटर सगळीकडे नेतोय. ऑफिसचा कूलर: ७०. शहाळं: थेट चार हजारांच्या वर! निधीचं शहाळं बंद केलं. डॉक्टरांनीच प्यायला सांगितलंय म्हणे. डॉक्टरांकडे मीटर आहे का?
देवळात तीर्थ मोजायला गेलो, पुजारी भीमाचार्यांनी पळी मागे घेतली. दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात, सांबारात बुडवलं तर आकडाच उमटेना. वेटर कन्नडमध्ये बरंच काही बोलला. सूर कौतुकाचा वाटला.

१५ मार्च
सेल्समन डेमोला आला. पाण्यात दोन सळ्या घालून वीज सोडली. आपलं पाणी चिखलासारखं तपकिरी! मी हादरून खुर्चीत बसलो. शलाका म्हणाली, गंज सळ्यांचा आहे, आठवीत शिकलोय आपण. मला माहीत होतं. मी सेल्समनची परीक्षा घेत होतो.
पाणी उकळायचं राहिलं.

१८ मार्च, मंगळवार, कूर्ग
ऑफिसची तीन दिवसांची ऑफसाइट. वेळ वाया नको म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर पोल टाकला: फिल्टर कुठला, यूव्ही की यूएफ? एकशे सोळा मतं, नंतर भांडण, दोघे ग्रुप सोडून गेले. विषयाचं महत्त्व लोकांना पटतंय.
दुपारी शलाकाचे पाच मिस्ड कॉल. तिला यूव्ही हवंय, ओळखतो मी. निकालाआधी बोलणं म्हणजे दबावाला बळी पडणं. मेसेज केला: डेटा येतोय, धीर धर.

२० मार्च
परत आलो. शलाका कमी बोलतेय. निधीचं विचारलं तर, बरी आहे आता, एवढंच. ‘आता’ कशाला? लोक भाषा फार सैल वापरतात. निधीच्या हातावर चिकटपट्टी. खेळताना लागलं असेल.
सिंकवर एक नवा बारीक नळ दिसला. लिक्विड सोपचा असणार. सोडून पाहिला. साबण अगदीच पातळ, फेससुद्धा नाही. बदलून घ्यायला सांगतो.
मावशीने पुण्याहून वाळ्याची जुडी पाठवली होती. माठात टाकली.

२१ मार्च
अद्भुत!! माठातलं पाणी ६२. नऊशे चाळीसवरून बासष्ट, एका रात्रीत! बदललं काय? वाळा. फक्त वाळा. तीनदा मोजलं. लोक उगाच मशिनं विकत घेतात.

२६ मार्च
निधीचं पोट आठवडाभर ठणठणीत. माझा अंतिम निर्णय: फिल्टरची गरजच नाही. न निवडणं हीसुद्धा निवडच. शलाकाला हे सांगितलं. ती उठून माठ भरायला गेली. कौतुक करायला तिला वेळ लागतो.
पाडव्याला क्लबहाउसात मराठी मंडळासमोर माझं प्रेझेंटेशन. अठ्ठावीस स्लाइड्स. सासरेबुवांना खास आमंत्रण.

३० मार्च, पाडवा
लिहायला नको वाटतंय.
पन्नास माणसं होती. टँकरचं पाणी मोजलं: ९५०. वाळा घातला. अर्धा तास बोललो. पुन्हा मोजलं: ९५२. हवेतला फरक, असं सांगितलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून निधीने हात वर केला. म्हणाली, बाबा, आजोबांनी बसवलेल्या फिल्टरच्या छोट्या नळाचं पाणी घे ना, आपल्या माठात तेच असतं.
लोक हसले. मीही हसलो, जरा उशिरा.
घरी येऊन सिंकखालचं कपाट उघडलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. पांढरा डबा. शेजारी बादली, वाया जाणारं पाणी फरशीसाठी. माझ्या तक्त्यात या मॉडेलचा नंबर एकोणिसावा. निवडलं श्यामला अक्कांनी. चार घरी भांडी घासतात, कोणता फिल्टर बिघडत नाही हे त्यांना ठाऊक. दोन मिनिटं लागली म्हणे.
मला सांगितलं का नाही, असं मी जरा आवाज चढवूनच विचारलं. शलाका शांतपणे म्हणाली, सांगायला पाच वेळा फोन केला होता. अठरा तारखेला निधीला सलाइन लावलं होतं. बाबा राजाजीनगरहून रिक्षाने आले, तिच्या उशाशी बसले आणि दुसऱ्या दिवशी फिल्टर बसवून गेले. तू म्हणालास, धीर धर.
मेसेज पुन्हा वाचला. तसंच लिहिलंय. लाज वाटली.
सूर्यकांतराव निघताना म्हणाले, जावईबापू, तक्ता छान होता, स्वल्प लांबला.
निधी झोपलीये. सलाइनची सुई होती तिथे हातावर अजून काळसर डाग आहे. मला तो दहा दिवस दिसत होता.
तक्ता उघडून पाहिला. तेवीस रकाने. निधीचा एकही नाही.
उद्या चोविसावा टाकतो.